नंबर लावून ठेवलाय

रांगेच्या बाबतीत निलंग्याच्या माणसाला कुणी अक्कल शिकवू नये, असं माझं सप्टेंबर २०२२ पर्यंत ठाम मत होतं. खताच्या दुकानापुढं, सेतू केंद्रात, एसटीच्या खिडकीतून सीट धरताना, बारावीच्या क्लासच्या प्रवेशाला, मी नंबर लावत लावतच वाढलो. आणि नंबर लावायचा म्हणजे आपण स्वतः उभं राहायचं असं समजणारा माणूस आमच्याकडचा नव्हेच. उभी राहते ती वस्तू. चप्पल, पिशवी, वीट, आधार कार्डाची झेरॉक्स, काहीही चालतं. ती रांगेत ठेवायची, पुढच्याला 'आलोच' म्हणायचं आणि चहाला जायचं. परत आल्यावर कुणी कुरकुर केली तर शांतपणे चपलेकडे बोट दाखवायचं.

२०१६ च्या उन्हाळ्यात मी 'लातूर पॅटर्न'च्या आशेनं लातुरात खोली करून राहिलो होतो. पाणवठ्यांभोवती त्या साली १४४ कलम लावलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. टँकरच्या रांगेत आमच्या खोलीची निळी बादली पहाटेपासून उभी असे, अंगावर ऑइल पेंटनं रूम नंबर. जमावबंदी माणसांना होती, बादल्यांना नव्हती. आम्ही आत बसून ऑरगॅनिक केमिस्ट्री पाठ करायचो. बारावीला मला जे मार्क पडले त्यात त्या बादलीचा वाटा मोठा आहे.

एवढ्या अनुभवाच्या जोरावर मी एम.एस्सी. करायला लंडनला निघालो.

निघण्याआधी पैशांनीही रांग लावली होती. व्हिसासाठी लंडनच्या विद्यार्थ्याला तेव्हा महिन्याला १,३३४ पौंड याप्रमाणे नऊ महिन्यांचा राहण्या-जेवणाचा खर्च खात्यावर दाखवावा लागायचा, म्हणजे १२,००६ पौंड, आपले अकरा लाखांच्या वर. शिवाय तो पैसा सलग २८ दिवस जागचा हलता कामा नये. पप्पांकडं सोयाबीनचे होते तेवढे टाकले, उरलेले नातेवाइकांकडून गोळा झाले. त्यात सगळ्यात मोठा वाटा तात्यांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा. ते रोज संध्याकाळी फोन करून "पैसे हायत ना जागेवर?" असं विचारायचे. अठ्ठाविसाव्या दिवसानंतर त्यांनी पैशांची चौकशी थांबवली आणि माझी सुरू केली. तो हक्क त्यांनी आजतागायत सोडलेला नाही.

पप्पांनी निघताना एवढंच सांगितलं, "तिथं गेलास की पहिल्यांदा बाबासाहेबांच्या घरी जाऊन ये." १० किंग हेन्रीज रोड. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथं राहत होते आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते घर विकत घेतलं. मी म्हटलं, पोचलो की दुसऱ्याच दिवशी जातो.

माझी बॅग भरणं चालू असताना, ८ सप्टेंबरला, राणी एलिझाबेथ वारल्या. तात्यांनी विचारलं, "कॉलेजला सुट्टी देतेत का काय?" बाकी त्या बातमीशी आपला काही संबंध येईल असं घरात कुणालाच वाटलं नाही.

बर्मंडसी भागात मी खोली घेतली होती. ती इतकी स्वस्त कशी मिळाली याचं उत्तर पहिल्याच रात्री मिळालं. लंडनमध्ये भाडं आठवड्याचं सांगतात. मी निलंग्यात बसून ते महिन्याचं समजलो होतो आणि घरमालक भोळा दिसतो असं मित्रांना सांगितलंही होतं. त्या रात्री जेवण गोड लागलं नाही.

आता मूळ काम. त्या वेळी पासपोर्टवर तात्पुरतं व्हिसाचं चिकटपत्र मिळायचं आणि खरं निवासाचं कार्ड लंडनला पोचल्यावर दहा दिवसांच्या आत ठरलेल्या पोस्टातून जाऊन घ्यावं लागायचं. सरकारी कागद, सरकारी पोस्ट, ठरलेली मुदत. मला एकदम गावी आल्यासारखं वाटलं. शुक्रवारी, १६ तारखेला, जेवण उरकून निघालो. पाठीवरच्या पिशवीत पासपोर्ट, विद्यापीठाचं पत्र, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स, पासपोर्ट साइझ फोटो आणि स्टीलच्या डब्यात आईनं दिलेले धपाटे व शेंगदाण्याची चटणी. सरकारी कामाला जाताना डबा घेऊनच जायचं असतं, हे सांगावं लागत नाही.

फोनमधला नकाशा बघत सदर्क पार्कच्या फाटकाशी आलो आणि समोर रांग दिसली. अशी रांग मी आयुष्यात पाहिली नव्हती. बागेच्या कडेनं गेलेली, शेवट दिसत नाही, सुरुवात तर नाहीच नाही. मनात म्हटलं, ही आपलीच. सप्टेंबर महिना, जगभरची पोरं आलेली, सगळ्यांना कार्ड पाहिजे. रांगेत पोरं फारशी नव्हती आणि बहुतेक सगळे साठीच्या पुढचे गोरे लोक होते, हे मला दिसत होतं. पण त्याचाही उलगडा मी लगेच केला. पेन्शनर असणार. हयातीचा दाखला द्यायला आले असतील.

कुणाला तरी विचारायचं होतंस, असं आता सगळे म्हणतात. पण रांगेत शिरताना 'ही कशाची रांग?' असं विचारणारा माणूस आमच्याकडे बावळट ठरतो. आधी नंबर लावायचा, मग चौकशी करायची. मी नंबर लावला.

बऱ्याच वेळानं आत बागेत एका स्वयंसेवकानं माझ्या मनगटावर रंगीत कागदी पट्टा बांधला. त्यावर चक्क नंबर होता. टोकन! पट्टा बघून माझा जीव भांड्यात पडला. टोकन मिळालं की निम्मं काम झालंच. मी घरी मेसेज टाकला : 'नंबर लागला.' तात्यांचा अंगठा आला.

रांग चालायला लागली आणि चालतच राहिली. लोकांकडं घडीच्या खुर्च्या होत्या, थर्मास होते, गुंडाळलेली पांघरुणं होती. पोस्टात जायला पांघरूण घेऊन येणाऱ्या देशाबद्दल मला आदर वाटू लागला. थेम्सच्या काठाला लागलो, टॉवर ब्रिज जवळ आला, तरी पोस्ट काही येईना. माझ्या पुढं निळ्या टोपीवाल्या एक बाई होत्या आणि मागं लांब छत्री घेतलेले एक आजोबा. बाईंनी विचारलं, कुठून आलात? मी म्हटलं, इंडिया. कधी आलात? म्हटलं, परवा. बाईंचे डोळे मोठे झाले. पुढं त्या जे बोलल्या त्यातलं मला 'फॉर हर?' एवढंच कळलं. न कळलेल्या इंग्रजीला हसून मान डोलवायची, हा आयईएलटीएस पास झाल्यापासूनचा माझा शिरस्ता. मी मान डोलावली.

त्यानंतर जे झालं ते आवरणं माझ्या हातात राहिलं नाही. बाई वळून पुढच्यांना म्हणाल्या, हा मुलगा खास इंडियाहून आलाय. पुढच्यांनी पुढं सांगितलं. छत्रीवाल्या आजोबांनी माझा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला. कुणी टॉफी दिली, कुणी सँडविच. एका माणसानं स्वतःची घडीची खुर्ची उघडून मला त्यावर बसवलं आणि आपण उभा राहिला. आणि मग नदीकाठच्या एका मोठ्या पडद्यावर मला राणीचा फोटो दिसला, खाली १९२६ ते २०२२.

तेव्हा कुठं उजेड पडला. ही रांग वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये ठेवलेल्या शवपेटीच्या दर्शनाची होती. रांगेची शेपटी कुठं आहे हे म्हणे यूट्यूबवर थेट दाखवत होते. तात्यांना अंगठा पाठवण्याऐवजी ते बघता आलं असतं.

निघून जायला हवं होतं. पण खुर्ची दुसऱ्याची, तोंडात टॉफी तिसऱ्याची, आणि 'मला वाटलं तुम्ही हयातीचा दाखला काढायला आलात' हे इंग्रजीतून कसं सांगणार? मग मला गावची युक्ती आठवली. सामान नंबरला ठेवायचं आणि 'आलोच' म्हणून सटकायचं. पोस्टाचं काम करून यावं, जमलं तर परत रांगेत शिरावं, नाही तर डब्याच्या नावानं पाणी सोडावं. कागदपत्रांची फाइल काखेत मारली, पिशवी नीट रांगेत ठेवली, बाईंकडं बघून 'आलोच'च्या अर्थाचं काहीतरी पुटपुटलो आणि निघालो. आधी वाटेतल्या तात्पुरत्या संडासाकडं गेलो. तिथं वेगळी रांग होती, पण तिच्यात ठेवायला माझ्याकडं काही उरलं नव्हतं. उभा राहिलो.

बाहेर आलो तर राणीची रांग थांबलेली. माझ्या पिशवीभोवती मोकळं रिंगण. रिंगणाच्या कडेला शंभरेक माणसं, मधे एक पोलीस, आणि तो मोठ्यानं विचारतोय, ही बॅग कुणाची? जगभरचे पुढारी ज्या शहरात उतरत होते, त्या शहरात, त्या आठवड्यात, त्या रांगेत मी बेवारस पिशवी ठेवून गेलो होतो. "माझी! माझी!" म्हणत धावलो. मराठीतच. पळत येणारा, घामाघूम, न कळणाऱ्या भाषेत ओरडणारा माणूस बघून रिंगण आणखी मोठं झालं.

पोलिसानं पिशवी उघडायला लावली. आतून फडक्यात बांधलेला, वरून सुतळीनं आवळलेला स्टीलचा डबा निघाला. सुतळी आईची, गाठ पप्पांची. ती माझ्याच्यानं सुटेना. सगळं दक्षिण लंडन श्वास रोखून बघतंय आणि मी दातानं गाठ सोडवतोय. डबा उघडला. धपाटे बघून तो काही बोलला नाही, पण चटणीच्या पुडीवर त्याची नजर थबकली. तांबूस पूड. हे काय? म्हटलं, ग्राउंडनट, सर. ती कशासाठी? म्हटलं, धपाट्यासाठी. तेवढ्यात टोपीवाल्या बाई पुढं झाल्या आणि म्हणाल्या, हा मुलगा राणीसाठी इंडियाहून आलाय. पोलिसाचा चेहरा निवळला. त्यानं मला अदबीनं सांगितलं, मनगटावर पट्टा असला की थोडा वेळ बाहेर जाऊन परत येता येतं, जागा कुणी घेत नाही. सामान ठेवायची गरज नसते.

म्हणजे माझं मनगट हीच माझी चप्पल होती. एवढी प्रगत सोय असताना हे लोक तासन्‌तास स्वतः उभे राहत होते, याला काय म्हणावं? त्याच दिवशी डेव्हिड बेकहॅमही या रांगेत बारा तासांहून जास्त उभा होता. त्यानंसुद्धा कुठं वीट ठेवली नव्हती.

पळून जायचा रस्ता आता बंद झाला होता, कारण रांगेतले सगळे मला ओळखत होते. पुढं तपासणीला खाण्याचे पदार्थ काढून घेतात असं कळलं, म्हणून धपाटे वाटून टाकले. बाईंना आवडले. छत्रीवाल्या आजोबांनी चटणीचा बोकणा भरला, मग बाईंचा, स्वतःचा आणि अजून एका अनोळखी माणसाचा थर्मास रिकामा केला.

रात्र चढली तशी थंडी वाढली. निलंग्याच्या आठवडी बाजारात घेतलेलं जर्किन लंडनपुढं टिकेना. आजोबांनी छत्री नदीकडून धरली. गप्पा सुरू झाल्या. निलंगा कुठं? लातूर जिल्ह्यात. लातूर कुठं? इथं मला आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, आधार घ्यावा लागला. आबा निजामाच्या राज्यात बिदर जिल्ह्यात जन्मले. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचनेत निलंगा तालुका मुंबई राज्यात आला आणि आबा उस्मानाबाद जिल्ह्यात गेले. १९६० मध्ये महाराष्ट्रात गेले, १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हा तिकडं. छत्रीवाले आजोबा म्हणाले, तुमचे आजोबा फारच फिरले! म्हटलं, ते बाजेवरून उठले नाहीत.

मग मी फोनमधला तो फोटो दाखवला. २०१९ मध्ये निलंग्यात कित्येक एकर शेतात गवत उगवून शिवाजी महाराजांची प्रतिमा साकारली होती, आकाशातूनच नीट दिसेल एवढी. बाईंनी विचारलं, हे कोण? म्हटलं, आमचे राजे. किती वर्षं राज्य केलं? म्हटलं, राज्याभिषेक १६७४, निधन १६८०. बाई हळहळल्या. फक्त सहा? आमच्या राणीनं सत्तर केली. मला राग आला, पण थंडीनं दात वाजत होते. एवढंच म्हणालो, "तेवढ्यात बरंच केलं."

साडेचारच्या सुमाराला लॅम्बेथ पुलाजवळ फोन वाजला. निलंग्यात तेव्हा सकाळचे नऊ. तात्या होते आणि मागं लाउडस्पीकर. तेव्हा लक्षात आलं, १७ सप्टेंबर उजाडला होता. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, तोही अमृतमहोत्सवी वर्षाचा. १९४८ मध्ये याच दिवशी निजामानं शरणागती पत्करली. त्या दिवसांत रझाकारांच्या भीतीनं आबा ज्वारीच्या पेवात लपून बसले होते आणि ती गोष्ट दर १७ सप्टेंबरला आम्हाला ऐकवली जाते.

"झेंडावंदन झालं बग," तात्या म्हणाले. "तू काय करायलास?"

"रांगेत हाय."

"आजून? कालपासून? कार्डाच्या?"

"नाही. राणीच्या."

लाउडस्पीकरवर देशभक्तिपर गाणं चालू होतं, ते मी बराच वेळ ऐकलं. मग पप्पांचा आवाज लांबून आला, "बाबासाहेबांच्या घराला गेलता का इचार." तेवढ्यात आबांनी फोन घेतला. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "आलाच हाईस तिथवर तर तो हार बघून ये."

हा हार आमच्या घरात पेवाइतकाच जुना विषय आहे. एलिझाबेथ राजकन्येचं लग्न २० नोव्हेंबर १९४७ ला झालं. सातव्या निजामानं लंडनच्या कार्तिए पेढीला कळवलं होतं की राजकन्येला हवं ते निवडू द्या. तिनं हिऱ्यांचा हार आणि मुकुटपट्टी निवडली. तो हार आजही 'निजामाचा हार' म्हणूनच ओळखला जातो. लग्नानंतर नवव्या दिवशी निजामानं भारताशी जैसे थे करार केला. म्हणजे आमचं काय करायचं याचा निर्णय व्हायच्या आधी आहेर पोचला होता. आबांचं म्हणणं, पैसा रयतेचा, रयतेत निलंगा आला, सबब त्यातला एखादा खडा आमच्या शेतसाऱ्याचा आहे. हिशेब कच्चा आहे, पण आजवर तो कुणी खोडून काढलेला नाही.

उजाडता उजाडता वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये शिरलो. अकराव्या शतकातली वास्तू, आत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मधे उंचावर शवपेटी, तिच्यावर मुकुट, राजदंड, सोन्याचा गोल. चहूबाजूंनी पहारेकरी. रांग दोन्ही अंगांनी सरकत होती. बाई पुढं गेल्या, गुडघा किंचित वाकवून नमस्कार केला. माझी पाळी आली. मयतीच्या दारात आपण पहिल्यांदा काय करतो? चप्पल काढतो. माझा हात आपोआप बुटाकडं गेला. नव्या बुटाच्या नाड्या, बोटं गारठलेली. मी एक गुडघा टेकून नाडी सोडवायला बसलो. काळ्या कोटातला एक कर्मचारी वाकून पुटपुटला, पुढं चला, सर. मी एका बुटाची नाडी सोडलेल्या स्थितीत राणीसमोरून फरफटत बाहेर आलो. हार नव्हता. मी सगळीकडं बघितलं.

बाहेर बाईंनी मला मिठी मारली. त्यांना वाटलं, मी गुडघा टेकला. छत्रीवाल्या आजोबांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी नाडी बांधत होतो.

हे एवढ्यावर भागलं असतं. पण हॉलमधलं दर्शन बीबीसी चोवीस तास थेट दाखवत होती आणि फोन ठेवल्यापासून माझा चुलतभाऊ ते बघत बसला होता. घरच्या ग्रुपवर सकाळपासून तिरंगे, हुतात्म्यांना अभिवादन, मुक्तिदिनाच्या शुभेच्छा चालल्या होत्या. त्यांच्या मधोमध त्यानं स्क्रीनशॉट टाकला : इंग्लंडच्या राणीपुढं एक गुडघा टेकून बसलेला मी. खाली एका आत्याचं लगेच 'वा, छान' आलं. ती काहीही न बघता 'वा, छान' टाकते. पप्पांनी काही लिहिलं नाही. रविवारी मी प्रिमरोझ हिलला जाऊन बाबासाहेबांच्या घरासमोर उभा राहिलो आणि फोटो पाठवला. त्यावरही त्यांनी काही लिहिलं नाही. सोमवारी अंत्ययात्रेची सुट्टी, सगळं बंद. मंगळवारी पोस्टात गेलो. माझ्यापुढं कुणी नव्हतं.

तोवर तात्यांनी इकडं प्रकरण हाती घेतलं होतं. पुतण्या गुडघे टेकून आला, असं बाजारात सांगण्यासाठी काही त्यांनी पैसे अठ्ठावीस दिवस अडकवून ठेवले नव्हते. संध्याकाळपर्यंत निलंग्यात बातमी अशी होती की पोरगं निजामाचा हार परत मागायला लंडनच्या राजवाड्यात गेलं होतं. पुरावा म्हणून ते २०१४ मधला, केट मिडलटनच्या गळ्यात तो हार असलेला फोटो सगळ्यांना दाखवत होते.

मग एका स्थानिक वार्ताहराचा फोन आला. निवेदन कुणाला दिलं? मी म्हटलं, असं काही झालेलं नाही. ते म्हणाले, निवेदन देतानाचा फोटो पाठवा. म्हटलं, हॉलमध्ये फोटो काढू देत नाहीत. ते समजूतदार होते. "मग नुसता कागद हातात धरून पाठवा. मागं कुठलीबी मोठी इमारत चालंल."

तात्यांचे तीन लाख डोळ्यांसमोर आले. टॉवर ब्रिजपुढं उभा राहिलो. हातात कागद पाहिजे म्हणून वसतिगृहातल्या मित्राकडून धुलाईयंत्र वापरण्याची छापील नियमावली आणली होती, ती धरली. बातमी छापून आली. माझं नाव चुकलं होतं. संबंधितांनी निवेदन स्वीकारून सकारात्मक निर्णयाचं आश्वासन दिलं, असं शेवटी होतं.

तात्या अजून महिन्याला एकदा विचारतात, त्याचं पुढं काय झालं. पाठपुरावा केल्याशिवाय कुठलंच काम होत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे.